बत्तीस बार आधी, बत्तीस बार नंतर : टेक्नो ट्रॅकची रचना आणि मिक्सिंग

७ जून २०२५

मित्राचा टेक्नो ट्रॅक आला, म्हणजे यंत्रावर बनवलेल्या, एकसारख्या ठोक्याच्या नाचाच्या संगीताचा एक तुकडा. अजून नाव ठेवलेलं नाही, म्हणून इथे ‘अ’. वेग १३० बीपीएम (मिनिटाला १३० बीट्स, म्हणजे ठोके), लांबी २२४ बार (एक बार म्हणजे चार ठोके), म्हणजे ६ मिनिटं ५४ सेकंदांच्या आसपास. याच्या जोडीला मी ‘ब’ करायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळताना (डीजे एक ट्रॅक संपायच्या आधीच दुसरा त्यावर सुरू करतो, तसं) रचनेमुळे काय सोपं जातं, काय अडतं, ते टिपून ठेवायचं, असं ठरलंय. टेक्नो ट्रॅक सुटा ऐकून त्याच्याबद्दल मत देण्यात फारसा अर्थ नाही, असं मला मनापासून वाटतं. तो कुणाच्या तरी नंतर आणि कुणाच्या तरी आधी वाजणार असतो. त्याच्या सात मिनिटांतली तीन-चार मिनिटं दुसऱ्याबरोबरच जातात.

आज फक्त आराखडा काढला. हेडफोन लावून, कागदावर, हाताने. सॉफ्टवेअरमधल्या वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) किक, म्हणजे ढोलाचा खालचा ठोका, आली-गेली ते स्पष्ट दिसतं, पण हॅट, म्हणजे झांजेचा बारीक आवाज, जराशी उघडली किंवा क्लॅपवरचा (टाळीसारख्या आवाजावरचा) रिव्हर्ब (घुमारा) वाढला, तर ते कानालाच कळतं.

‘अ’ असा आहे. १ ते ३२ किक आणि बंद हॅट. ३३ पासून बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) आणि क्लॅप. ६५ पासून मुख्य स्टॅब (झटक्यात वाजणारा छोटा सूर), ज्याच्यासाठी हा ट्रॅक बनलाय. ९७ ते ११२ ब्रेकडाउन: किक नाही, बेस नाही, स्टॅबवरचा फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारी सोय) हळूहळू उघडत जातो. ११३ ला सगळं परत आणि १७६ पर्यंत भरगच्च. १७७ ला स्टॅब जातो, १९३ ला बेस आणि क्लॅप. तिथून शेवटपर्यंत पुन्हा नुसती किक आणि हॅट.

९ जून २०२५

हाताशी ठेवायचे आकडे. १३० च्या वेगात एक बीट ०.४६ सेकंद, चार बीट्सचा एक बार १.८५ सेकंद. १६ बार साडेएकोणतीस सेकंद, ३२ बार ५९ सेकंद. १२८ ला हिशेब अगदी गोल येतो: १६ बार बरोबर ३० सेकंद. १४० ला ३२ बार ५५ सेकंदांत संपतात. चार सेकंदांचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात मिक्सरवर बेसची नॉब फिरवणं, हेडफोनमध्ये पुढचा ट्रॅक सावरणं आणि फेडर (आवाज वाढवायचा दांडा) वर नेणं, यातलं एक काम सोडून द्यावं लागतं.

टेक्नो आठ, सोळा, बत्तीस अशाच पायऱ्यांनी का चालतो, याचं उत्तर मला यंत्रात दिसतं. रोलंड कंपनीची टीआर-९०९ ही ड्रम मशीन, म्हणजे ताल वाजवणारं यंत्र, १९८३ मध्ये आली. तिच्या खालच्या कडेला १६ बटणांची रांग. एक बटण म्हणजे एक स्टेप, १६ स्टेप्स म्हणजे एक बार. बार जोडून पॅटर्न, पॅटर्न जोडून ट्रॅक. अशा यंत्रावर दुप्पट करत जाणं सगळ्यात सोयीचं. त्यात अमेरिकेतल्या डेट्रॉइटची, टेक्नो सुरू करणारी मंडळी, म्हणजे हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डर्सन, स्वतः डेकमागे (ट्रॅक वाजवायच्या यंत्रामागे) उभी राहणारी. जेफ मिल्स तर ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘द विझर्ड’ या नावाने मिक्स वाजवायचा. जो मिसळतो त्यानेच ट्रॅक बनवला की सुरुवातीला नुसता ताल ठेवणं आपसूक येतं. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, न्यू यॉर्कच्या टॉम मोल्टनने डिस्कोची गाणी लांबवली आणि मध्येच नुसत्या तालाचा भाग मोकळा सोडला. वाट तिथून निघते. टेक्नोने त्या गाण्यांतलं गाणंच काढून ठेवलं.

१४ जून २०२५

‘ब’चा कच्चा मसुदा तयार. १३० बीपीएम, १९२ बार. १ पासून किक, १७ पासून हॅट, ३३ पासून बेस, ४९ पासून तुटक तुटक वाजणारा एक सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर), ६५ ते ८० ब्रेकडाउन, ८१ ला सगळं परत, १६१ पासून उतरण.

आधी शिकवणीतली पद्धत लावून पाहिली: एकाच्या आउट्रोवर (शेवटच्या भागावर) दुसऱ्याची इंट्रो (सुरुवातीचा भाग). ‘अ’चा १९३ वा बार आणि ‘ब’चा पहिला बार एकत्र. तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ. कुठे गचका नाही, दोन सूर भांडत नाहीत, बेसवर बेस चढत नाही. पण त्या बत्तीस बारांत वाजतं काय? किकवर किक आणि हॅटवर हॅट. जवळजवळ मिनिटभर खोलीत काहीच घडत नाही. नाचणारा माणूस ५९ सेकंद वाट बघत उभा राहत नाही, तो पाणी प्यायला जातो.

इंट्रो आणि आउट्रो या सोयीसाठी ठेवलेल्या जागा आहेत, हे खरं. पण दोन मोकळ्या जागा एकमेकांवर ठेवल्या तर हाती मोकळी जागाच येते. एकाची मोकळी जागा दुसऱ्याच्या भरलेल्या जागेवर यायला हवी. सेटमध्ये (सलग वाजवणीत) मजला का बसला, म्हणजे नाचणारे का थंडावले, ते वाजवणाऱ्याला कळत नाही, कारण त्याच्या हेडफोनमध्ये सगळं जुळलेलं असतं. अशा वेळी बहुतेकदा हेच झालेलं असतं.

१७ जून २०२५

आज उलटं मोजलं, आणि या प्रकल्पात मला जे म्हणायचंय ते बहुधा इथेच आहे.

नेहमी आपण ‘अ’कडे बघून ठरवतो की ‘ब’ कधी सुरू करायचा: आता हा संपत आलाय, दुसरा लावा. आज ‘ब’च्या ब्रेकडाउनपासून मागे मोजत आले. ‘ब’ची किक ६५ ला जाते आणि ८१ ला परत येते, मध्ये १६ बार. ‘अ’च्या शेवटी किक-हॅटचे बार आहेत बत्तीस, त्यातले शेवटचे १६ म्हणजे २०९ ते २२४. हे सोळा त्या सोळांवर बसवायचे असतील, तर ‘ब’चा ६५ वा बार ‘अ’च्या २०९ वर हवा. म्हणजे ‘ब’ सुरू करायचा ‘अ’च्या १४५ व्या बारला, ‘अ’ अजून पूर्ण जोरात असताना.

तसं लावलं. १४५ ला ‘ब’ची किक, बेसची नॉब पूर्ण खाली ठेवून, फेडर हळूहळू वर. सोळा बारांनी ‘ब’ची हॅट ‘अ’च्या स्टॅबमागे सरकते, कुणाला कळणारही नाही. मग १७७. इथे ‘अ’चा स्टॅब जातो, आणि त्याच बारला ‘ब’चा बेस येतो, कारण ‘ब’चा ३३ वा बार म्हणजे ‘अ’चा १७७ वा. दोन हात, दोन नॉबी, एका बीटवर: ‘अ’चा बेस खाली, ‘ब’चा वर. १९३ ला ‘अ’चा क्लॅप जातो, तिथेच ‘ब’चा सिंथ येतो. २०९ ला ‘ब’ची किक जाते, पण ‘अ’ची हॅट चालू असल्यामुळे चाल तुटत नाही, ब्रेकडाउन वाजतं, तरी पाय थांबत नाहीत. २२४ ला ‘अ’ संपतो आणि पुढच्याच बीटला ‘ब’ पूर्ण ताकदीने परततो.

एकूण ८० बार दोन्ही एकत्र होते. दोन मिनिटं २८ सेकंद. त्यात दर सोळा बारांनी काहीतरी बदललं, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी एकाने जागा सोडली तेव्हाच दुसऱ्याने घेतली. मी हाताने केलं ते बेसची अदलाबदल आणि फेडर, एवढंच. बाकीचं ट्रॅकच्या आराखड्यात आधीच होतं, फक्त योग्य बारला सुरू करायचं होतं.

प्रत्येक जोडीत इतकं नेटकं जुळत नाही, हे उघड आहे. पण शोधायचं काय ते आता ठरलं. दोन बार सापडले पाहिजेत: पहिल्या ट्रॅकचं मुख्य वाद्य ज्या बारला जातं तो, आणि दुसऱ्याचा बेस ज्या बारला येतो तो. ते एकावर एक ठेवायचे, मग दुसऱ्याचं ब्रेकडाउन कुठे पडतंय ते बघायचं. म्हणून आजपासून क्यू पॉइंट (ट्रॅक जिथून सुरू करायचा ती खूण) ट्रॅकच्या सुरुवातीला एक आणि ब्रेकडाउनच्या बरोबर ६४ बार आधी एक. ‘ब’मध्ये योगायोगाने दोन्ही एकच आहेत. जुन्या, लांब इंट्रोच्या ट्रॅकमध्ये ते बरेच लांब असतात, आणि मग इंट्रोचा पहिला अर्धा भाग सरळ सोडून देता येतो.

१८ जून २०२५

कालच्या ८० बारांबद्दल एक पुरवणी. मी सिंक (वेग आपोआप जुळवणारी सोय) बंद ठेवून कानाने जुळवते. वेगात ०.१ बीपीएमचा फरक राहिला, तर ८० बारांनंतर दोन ट्रॅक ११४ मिलिसेकंदांनी सरकलेले असतात. पाव बीट, म्हणजे नेमकी एक स्टेप. आठ-दहा बारांच्या मिक्समध्ये हा फरक तालात कुणाला ऐकूही येणार नाही. रचना जितका लांब मिलाफ मागते, तितका हात नाजूक लागतो. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर) १९७९ पासून पिचचा, म्हणजे वेगाचा, सरकता स्लायडर आहे, अधिक-उणे आठ टक्के. त्याच्या मधल्या इंचभरात सगळं कसब.

२२ जून २०२५

मावसभाऊ आला होता. तो तबला शिकतो. ‘ब’ चालू होता. थोडा वेळ मांडीवर बोटं चालवून म्हणाला, “ताई, सम सापडते गं, पण आपण आवर्तनात कुठे आहोत तेच कळत नाही. यात खाली कुठेय?”

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं त्याने. त्रितालात सोळा मात्रा असतात, आणि नवव्या मात्रेला खाली येते, तिच्यापाठोपाठ डग्गा थोडा वेळ गप्प होतो, त्यामुळे मध्यावर आलो हे ऐकणाऱ्याला न मोजता समजतं. माझ्या ‘ब’मध्ये ३३ ते ४८ हे सोळा बार एकसारखे होते. पाचवा बार आणि तेरावा बार यांत कानाला काही फरक नाही. मला ट्रॅक पाठ आहे म्हणून मला अडत नाही, पण दुसऱ्या कुणी हा वाजवला तर त्याला बोटांवर मोजत बसावं लागेल, किंवा स्क्रीनकडे बघत. चांगल्या ट्रॅकमध्ये ही खूण असते: आठव्या बारच्या शेवटी अर्धी बीट किक गाळलेली, सोळाव्याच्या शेवटी एक अख्खी बीट, किंवा उलटी वाजवलेली झांज जी पुढच्या पहिल्या बीटवर येऊन आदळते. ऐकणाऱ्याला ती नटवणूक वाटते. मिसळणाऱ्याला ती खूण असते.

आठव्या बारला अर्धी आणि सोळाव्याला एक बीट, असं लगेच केलं. भावाला परत ऐकवलं. दुसऱ्या फेरीत त्याने मान हलवून सोळाव्यानंतरची सम बरोबर पकडली.

२८ जून २०२५

आज खालच्या पट्टीचं, म्हणजे सगळ्यात खोल आवाजांचं काम. या विषयावर फार थोडं बोललं जातं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आराखड्यात आपण लिहितो, ‘१ ते ३२ किक’, आणि समजतो की ही जागा मोकळी आहे. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ ट्रॅकमध्ये ती खरंच मोकळी असते: ९०९ ची किक, कोरडी, ठोका संपला की शांतता. गेल्या काही वर्षांच्या टेक्नोत किकबरोबर रंबल येतो. किकला लांब रिव्हर्ब द्यायचा, त्याचा वरचा भाग फिल्टरने कापायचा, आणि दर किकच्या वेळी तो दाबला जाईल असा कॉम्प्रेसर लावायचा. मग दोन किकच्या मधली जागा एका खोल घरघरीने भरून जाते. बेसलाइनची गरजच उरत नाही. मोठ्या स्पीकरवर हा आवाज छातीत घुमतो, आणि मला तो फार आवडतो.

पण रचनेच्या दृष्टीने यात एक मेख आहे. रंबल पहिल्या बारपासून असेल, तर इंट्रो दिसायला मोकळी आणि प्रत्यक्षात भरलेली असते. बार मोजून रिकाम्या वाटणाऱ्या जागेत खालची पट्टी ठासून भरलेली. माझ्या ‘ब’मध्ये नेमकं तसंच होतं. ‘अ’ची किक एफ या सुरावर लावलेली आहे, ४४ हर्ट्झच्या जवळ. ‘ब’ची जी या सुरावर, ४९. दोन्ही रंबल एकत्र वाजले की सेकंदाला पाच वेळा फुगतात आणि बसतात. त्याला ताल म्हणता येत नाही, सूरही म्हणता येत नाही. सगळा चिखल होतो. छोट्या स्टुडिओ स्पीकरवर हे ऐकूच येत नाही, मोठ्या सिस्टिमवर सगळ्यात आधी ऐकू येतं.

दोन किक एकाच सुरावर असल्या तरी सुटका नाही. ५० हर्ट्झच्या एका लहरीला २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे जुळणी १० मिलिसेकंदांनी चुकली की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि दोन्ही किक मिळून एका किकपेक्षा कमी ऐकू येतात. म्हणून बेसची अदलाबदल अर्धवट ठेवून चालत नाही. एकाची नॉब पूर्ण खाली, मगच दुसऱ्याची वर.

मिक्सर हे करू शकतो, पण ट्रॅकनेच केलेलं बरं. ‘ब’मधला रंबल पहिल्या बत्तीस बारांतून काढला. आता तिथे कोरडी किक आहे, वरून छाटलेली, जेमतेम ‘टक’ ऐकू येईल अशी. रंबल बेसबरोबर ३३ ला येतो. सुटा ऐकला तर ट्रॅकची सुरुवात आता पोकळ वाटते, आणि मित्राने ताबडतोब तसं कळवलंही. पण ‘अ’वर ठेवून ऐकवल्यावर त्याने हरकत मागे घेतली.

५ जुलै २०२५

थोडं उलट्या टोकाचं. जेफ मिल्सचा टोकियोच्या लिक्विड रूम या क्लबमधला मिक्स पुन्हा ऐकला. ऑक्टोबर १९९५ मध्ये वाजवलेला, पुढच्या वर्षी सीडीवर आला. तीन टर्नटेबल, आणि सव्वा तासाच्या आत तीसहून जास्त रेकॉर्ड. वर मी जे इंट्रो, आउट्रो, ६४ बार वगैरे लिहिलं, त्यातलं इथे फारच थोडं लागू पडतं. ट्रॅक येतो, मिनिट-दोन मिनिटं राहतो, जातो. कित्येकदा त्याची सुरुवात आणि शेवट आपण ऐकतच नाही.

हे कसं चालतं, हे त्याच्या स्वतःच्या ट्रॅककडे बघितल्यावर समजतं. त्यांत वळणं कमी. एक लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा), त्यावर एखादा घटक चढतो-उतरतो. ब्रेकडाउन असलं तरी छोटं. असा ट्रॅक कुठूनही उचला, तो तोच असतो. १९९४ च्या ‘सायकल ३०’ या रेकॉर्डवर तर त्याने बंद खाचा दिल्या: सुई एकाच वर्तुळात फिरत राहते आणि तोच तुकडा अखंड वाजतो. याचं गणित सुंदर आहे. ३३⅓ च्या वेगाने तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. त्यात चार बीट्स बसवल्या की वेग आला १३३⅓ बीपीएम. स्लायडरने आठ टक्के इकडे-तिकडे केलं तर साधारण १२३ ते १४४. म्हणजे टेक्नोचा जवळपास सगळा पट्टा. तबकडीची एक फेरी म्हणजेच एक बार, आणि मिसळण्यासाठी वेळच वेळ.

या टोकाला रचना जवळपास शून्य आहे आणि सगळी रचना वाजवणारा जागेवर करतो. दुसऱ्या टोकाला आजचे काही १४५ च्या वेगाचे ट्रॅक: ४८ बारांचं ब्रेकडाउन, मध्ये एक खोटा ड्रॉप (सगळं परत येण्याचा क्षण), मग खरा. ते ट्रॅक स्वतःची गोष्ट पूर्ण सांगून टाकतात. त्यांच्यावर दुसरं काही ठेवायला जागाच नसते, मग वाजवणाऱ्याच्या हाती ड्रॉपवरून ड्रॉपवर उडी मारणं एवढंच राहतं. मला ते रुक्ष वाटतं. ट्रॅक जितकं बोलून टाकतो, तितकं डीजेला बोलायला कमी उरतं.

१२ जुलै २०२५

गोव्याबद्दल एक नोंद, कारण मित्राशी त्यावरून बराच वेळ बोलणं झालं. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात डीजे रेकॉर्ड फारसे वाजवत नसत. उन्हाने आणि प्रवासाने तबकड्या वाकायच्या. तिथे चालायची डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. तिथला जुना डीजे गोवा गिल तर पुढेही किती तरी वर्षं डॅटवरच वाजवत राहिला. या यंत्रावर पिचचा स्लायडर नव्हता, म्हणजे वेग जुळवता येत नव्हता. मग दोन ट्रॅक एकत्र वाजवणार कसे? जिथे किकच नाही तिथे. म्हणून गोवा ट्रान्सच्या, म्हणजे तिथे वाजणाऱ्या नाच-संगीताच्या, कितीतरी ट्रॅकना सुरुवातीला आणि शेवटी ताल नसलेला, नुसत्या तरंगत्या सुरांचा लांब भाग असतो. एकाचा सूर विरत असताना दुसऱ्याचा उगवतो, वेगाचा प्रश्नच येत नाही.

म्हणजे डेट्रॉइट-बर्लिनच्या टेक्नोत मोकळी जागा म्हणजे सूर नसलेला ताल, आणि गोव्यात मोकळी जागा म्हणजे ताल नसलेला सूर. दोन्हीकडे ट्रॅकचं टोक कसं असावं ते समोरच्या यंत्राने ठरवलं. आज मी गोवा ट्रान्सचा जुना ट्रॅक टेक्नोबरोबर लावायचा म्हटलं की अडते ती इथेच: किक येईपर्यंत मिनिटभर पकडायला काही नसतं. मग किक सुरू होते तिथेच क्यू पॉइंट टाकायचा आणि आधीचं सोडून द्यायचं, किंवा तो तरंगता भागच एखाद्या ब्रेकडाउनवर पसरायचा. हे दुसरं फार छान लागतं.

१९ जुलै २०२५

मित्राने ‘अ’ची नवी आवृत्ती पाठवली. ब्रेकडाउन आता १६ ऐवजी १८ बारांचं. का, तर फिल्टर पूर्ण उघडल्यावर दोन बार नुसती शांतता हवी होती. ऐकायला जबरदस्त. अंगावर काटा येतो.

पण तिथून पुढचं सगळं दोन बारांनी सरकलंय. ज्याला हा ट्रॅक पाठ नाही, तो सोळाच्या हिशेबाने पुढचा ट्रॅक सोडणार, आणि मग दोन्ही ट्रॅकच्या खुणा मिनिटभर दोन-दोन बारांनी मागेपुढे पडत राहणार. किकला किक जुळलेली असल्यामुळे चूक कुठे आहे तेही चटकन उमगत नाही. उपाय आहेत: दुसऱ्या डेकवर दोन बारांचा लूप एकदा जास्त फिरवायचा, की हिशेब पूर्ववत. पायोनियरच्या सीडीजे डेकवर (सीडी वाजवणाऱ्या यंत्रावर) असले उपाय फार पूर्वीपासून करता येतात, आणि आज तर आउट्रो नसलेल्या ट्रॅकलाही लूप लावून हवा तेवढा आउट्रो करता येतो. मात्र लूपला माझी एक तक्रार आहे. एका बारच्या लूपमध्ये हॅटचा आवाज गोठतो. मूळ ट्रॅकमध्ये हॅट चार-आठ बारांत अगदी सावकाश उघडत असते, रिव्हर्बची शेपटी पुढच्या बारमध्ये जात असते. लूपमध्ये ती शेपटी दर वेळी त्याच जागी तुटते. कान ते लगेच पकडतो. लावायचाच तर चार बारांचा लावावा.

मित्राला सांगितलं, शांतता ठेव, पण त्या दोन बारांसाठी आधीचं ब्रेकडाउन चौदाचं कर. तो म्हणाला, “विचार करतो.” संध्याकाळी फाइल आली. चौदा अधिक दोन.

२६ जुलै २०२५

नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झालाय, संध्याकाळी खालच्या पट्टीचं काही ऐकणं अशक्य. त्यामुळे हेडफोनवर होईल ते.

‘ब’च्या सिंथला तीन स्टेप्सची चाल दिली. बार सोळा स्टेप्सचा, सिंथ तीनचा, त्यामुळे सिंथची पहिली स्टेप बारच्या पहिल्या बीटवर परत यायला तीन बार लागतात. ‘अ’च्या हॅटमध्ये पाच स्टेप्सचा एक हलका ठोका मित्राने आधीच ठेवलाय. दोन्ही एकत्र वाजले की तीन, पाच आणि सोळा यांचा मेळ २४० स्टेप्सनी, म्हणजे बरोबर पंधरा बारांनी बसतो. फ्रेज (बारांचा गट) सोळाची आणि हा मेळ पंधराचा, म्हणून प्रत्येक फ्रेजला आतली वीण एका बारने सरकलेली असते. दोन साधे ट्रॅक, पण मिळून जे ऐकू येतं ते दोघांतही नाही. असं काही हाती लागलं की मला मिक्स संपवावासाच वाटत नाही.

९ ऑगस्ट २०२५

ओळखीच्यांच्या रिहर्सल रूममध्ये मोठ्या स्पीकरवर चाचणी. दुपारची वेळ घेतली, ढोल नव्हते. आम्ही दोघं आणि वाजवणारी एक मैत्रीण, जिने दोन्ही ट्रॅक आधी ऐकलेले नव्हते. मुद्दाम तिलाच वाजवायला लावलं, स्क्रीनवर कापड टाकून.

तिने ‘ब’ एकदा हेडफोनवर सोळा-सोळा बार उड्या मारत ऐकला, बेस कुठे येतो ते पाहिलं आणि ‘अ’वर सोडला. १४५ ला नाही, १६१ ला. त्यामुळे ‘अ’चा स्टॅब गेला तेव्हा ‘ब’ची नुसती हॅट येत होती, आणि मधले सोळा बार ‘अ’च्या बेसवर निघाले. वाईट नव्हतं. १९३ ला मात्र ‘अ’चा बेस गेला आणि ‘ब’चा रंबल व बेस एकदम आले, तेव्हा खोलीतल्या काचा थरथरल्या. कोरड्या इंट्रोचा फायदा हा. आधी खाली काही नसेल तरच आल्याचं कळतं. खुणांबद्दल विचारलं तर म्हणाली, मोजावं लागलं नाही.

तिची एकच सूचना: ‘ब’चा शेवट फार सरळ आहे. सगळं एकदम उतरतं, पुढच्याला धरायला काही राहत नाही.

१६ ऑगस्ट २०२५

‘ब’चा शेवट बदलला. आता १६१ ला आधी बेस आणि रंबल जातात, सिंथ मात्र १७६ पर्यंत राहतो. नेहमी उलटं करतात: सूर आधी काढतात, बेस नंतर. पण बेस आधी काढला की पुढच्या ट्रॅकला खालची पट्टी सोळा बार पूर्ण मोकळी मिळते, आणि वर ओळखीचा आवाज चालूच असतो, त्यामुळे मजला बसत नाही. १७७ ते २०८ किक आणि हॅट. एकूण २०८ बार, ६ मिनिटं २४ सेकंद.

आता हीच जोडी उलट क्रमाने लावायची आहे, ‘ब’वरून ‘अ’वर. कागदावर हिशेब मांडलाय. ‘अ’चं ब्रेकडाउन ९७ ते ११२, त्याखाली ‘ब’चे शेवटचे सोळा बार ठेवायचे तर ‘अ’ सुरू होतो ‘ब’च्या ९७ ला. तसं केलं की ‘अ’चा स्टॅब येतो नेमका ‘ब’चा बेस जातो त्या बारला, १६१. पण ‘अ’चा बेस त्याआधीच, १२९ ला आलेला असतो, म्हणजे बत्तीस बार तो नॉबने दाबून ठेवावा लागेल. शिवाय १६१ ते १७६ मध्ये स्टॅब आणि सिंथ एकत्र येतात: एक एफ मायनर, दुसरा सी मायनर. पंचमाच्या नात्याने शेजारचे स्वर आहेत, जमायला हवं. पहिले बत्तीस बार गाळून ‘अ’ थेट ३३ पासून, ‘ब’च्या १२९ ला, बेस बंद ठेवूनच सोडायचा, हाही पर्याय आहे. मित्र उद्या डेक घेऊन येतोय, दोन्ही लावून बघू.